पंख काढताना

आरव्ही-६ या विमानाचे पंख काढता येतात. विमान घेण्याआधी मी तिघा-चौघा जाणत्यांना हे विचारलं होतं आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं होतं. कोणी खोटं बोललं नाही. पुढचा प्रश्न मात्र मी विचारला नाही: ते पुन्हा काढता यावेत अशा बेतानं बनवलेत का?

तसे ते बनवलेले नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ऑरोरा नावाचं गाव आहे. तिथली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी घरी बांधायच्या विमानांचे नकाशे आणि सुटे भाग विकते. तिचे संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'आरव्ही' हे नाव आलं. या कुळातली दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. याच कंपनीचं आरव्ही-१२ हे नंतरचं मॉडेल असं आहे की दोन माणसं दोन पिना ओढतात आणि काही मिनिटांत पंख बाहेर येतात. आरव्ही-६ त्याच्या आधीच्या पिढीतलं. त्यात दोन्ही पंखांचे मुख्य स्पार, म्हणजे पंखांच्या तुळया, वैमानिकाच्या मांड्यांखाली धडाच्या आडव्या चौकटीत शिरतात आणि तिथे बोल्टांनी आवळलेले असतात. या बोल्टांची जाडी आणि भोकांचा व्यास यांत जवळजवळ फरकच नसतो. बांधणारे लोक हे बोल्ट आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवतात, गार होऊन केसभर आकसले की तेल लावून हळूहळू ठोकत आत घालतात. ते एकदा बसले की बहुतेक वेळा विमानाच्या जन्मभर बाहेर निघत नाहीत.

घरी बांधलेलं विमान एकदा तरी रस्त्यावरून जातंच, कारण ते जन्मतं गॅरेजात आणि उडतं विमानतळावरून. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांनासुद्धा २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनासाठी ते खाली उतरवून बीकेसीत न्यावं लागलंच. पण नवं विमान गॅरेजातून निघतं तेव्हा त्याचे पंख अजून कायमचे बसलेलेच नसतात. मी जे करायला निघालो होतो ते उलट होतं. बसलेले, कित्येक वर्षं उडालेले पंख मला काढायचे होते.

विमान आयोवात होतं, मी मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ राहतो. बांधणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी उडणं सोडलं आणि विमान हँगरमध्येच उभं राहिलं. वार्षिक तपासणीची मुदत केव्हाच टळलेली. अशा विमानासाठी एका फेरीपुरता खास परवाना मिळतो, पण माझ्या ओळखीच्या मेकॅनिकनं त्यावर फुली मारली. या विमानातल्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन महिनोन् महिने बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल खाली निथळतं आणि तो गंजू लागतो. "आत काय झालंय ते पाहिल्याशिवाय या इंजिनावर कोणी आठशे किलोमीटर उडू नये," असं तो म्हणाला. म्हणून रस्त्यानं आणायचं ठरलं. हा निर्णय मी आजही बदलणार नाही. पुढे जे झालं त्याचं खापर त्या निर्णयावर फोडता येत नाही.

अमेरिकेत हौशी माणसानं स्वतः बांधलेल्या विमानांना 'एक्सपेरिमेंटल' म्हणून वेगळा दाखला मिळतो. बांधकामाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी लोकांनी केलेला असावा लागतो, आणि अशा विमानावर काम करायला परवानाधारक मेकॅनिकच हवा अशी सक्ती नसते. वार्षिक तपासणीची सही मात्र परवानाधारक मेकॅनिकची लागते, किंवा दुरुस्तीचा खास दाखला असेल तर मूळ बांधणाऱ्याची. नुसतं विमान विकत घेतल्यानं तो हक्क मिळत नाही. म्हणजे पाना हातात घ्यायला मला कोणाला विचारावं लागणार नव्हतं. तसं विचारावं लागलं असतं तर बरं झालं असतं, असं विमान आणायला गेलो त्या ऑक्टोबरात अनेकदा वाटलं. पण ही मोकळीक नसती तर माझ्यासारख्याला विमान परवडलंच नसतं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू.

माझा फाजील आत्मविश्वास कुठून आला तेही सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. आटे, वायसर, चेकनट हे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. इथे मी गाड्यांच्या आसनांचे लोखंडी सांगाडे डिझाइन करतो. नट-बोल्ट म्हणजे माझ्या घरचेच, अशी समजूत होती. मदतीला शिकागोहून मेव्हणा आला. तो सॉफ्टवेअरवाला. हत्यारांना हात लावायचा तर आधी विचारायचा, आणि मला ते बावळटपणाचं वाटायचं.

सुरुवात पेट्रोलनं झाली. आरव्ही-६च्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेतच असतात, दोन्ही मिळून ३८ गॅलनच्या. खालच्या निचरा-झडपांतून आम्ही सगळं काढलं, थेंब पडायचे थांबले, टाक्या रिकाम्या झाल्या असं मी जाहीर केलं. हे विमान शेपटीवर बसतं, नाक वर करून. त्या बसणीत जो निचरा होतो तो पूर्ण निचरा नव्हे. नंतर आम्ही पंखाचं टोक वर उचललं तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यांत राहिलेलं निळसर पेट्रोल मुळाकडे धावलं आणि नळीचा जोड मी सोडवलेला होता तिथून माझ्या बाहीवरून फरशीवर आलं. फार नव्हतं, मगभर असेल. पण हँगरच्या कोपऱ्यात थंडीसाठी लावलेला विजेचा हीटर लालबुंद तापलेला होता. मेव्हण्यानं काही न विचारता धावत जाऊन त्याची वायर उपटली. त्या दिवशी विचारल्याशिवाय त्यानं केलेलं हे एकच काम.

मग बोल्ट. चेकाळलेला माणूस हातोडी घेतो तशी मी घेतली. नट काढले, बोल्टाच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून मारलं. काही हललं नाही. ठोकळा फुटला तेव्हा लोखंडी पंच घेतला. बोल्टाचं टोक छत्रीसारखं फुलायला लागलं. फुललेलं टोक त्या घट्ट भोकातून ओढलं तर भोक ओरबाडलं जाणार, आणि हे भोक म्हणजे ज्याच्या जोरावर पंख धडाला धरून राहतो तेच. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे निघतंय का फुटतंय?" मी त्याला टॉर्च नीट धरायला सांगितलं.

शेजारच्या हँगरमधला एक म्हातारा मेकॅनिक आवाज ऐकून आला. दारात उभा राहून त्यानं दोन-तीन घाव ऐकले आणि विचारलं, "पंखाचं वजन कोणावर आहे?" टोकाखाली आम्ही लाकडी घोडा लावलेला होता, त्यावर गादी होती, वजन त्याच्यावर आहे असं मी समजत होतो. घोडा आणि पंख यांच्यात फट नव्हती हे खरं, पण पंखाचा भार बोल्टांवरच होता. घोडा नुसता टेकलेला. म्हाताऱ्यानं मेव्हण्याला टोकाखाली उभं केलं. "उचल. अजून थोडं. खूप झालं, जरा सोड. थांब." आणि बोल्टाचं डोकं बोटांत धरून फिरवलं. बोल्ट फिरला. ज्याच्यासाठी मी घाम गाळला होता तो बोल्ट पंखाचं टोक काही मिलिमीटर वर गेल्याबरोबर मोकळा झाला. आतून तो दोन्ही बाजूंनी चिमटला गेलेला होता. माझ्या घावांनी तो पुढे सरकण्याऐवजी फक्त चेपत होता.

त्यानं मला दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे ठोकायचंच असेल तर जुना नट टोकाशी चार आटे चढवून ठेवायचा आणि पितळी पंच वापरायचा, म्हणजे मार नटाला बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे बोल्ट अडला की हातोडी खाली ठेवायची आणि तो कशामुळे अडला असेल ते पाहायचं. ही दुसरी गोष्ट मी कारखान्यात नव्या पोरांना दर वर्षी सांगतो. फुललेलं टोक त्यानं बारीक कानशीनं गोल करून दिलं आणि तो बोल्ट पुन्हा वापरायचा नाही असं बजावलं.

सगळे बोल्ट निघाल्यावर पंख हातात आला तेव्हा तो इतका हलका निघाला की आम्ही दोघंही जरा मागे झुकलो. इथेच माझा दुसरा गैरसमज पक्का झाला. जी वस्तू विमानाचा भार पेलते, गुरुत्वाच्या कितीतरी पट ताण सोसते, ती रस्त्यानं जाताना काय मोडणार? पण उडताना हवेचा भार संपूर्ण पृष्ठावर पसरलेला असतो. पत्रा तो भार फासळ्यांना देतो, फासळ्या स्पारला. दोन फासळ्यांमधल्या पत्र्याला एका जागी कोपर टेकलं तर पोचा पडतो. पंख तितकाच मजबूत असतो. आपण त्याला चुकीच्या जागी हात लावलेला असतो.

या टप्प्यावर खरा घोटाळा झाला आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर लिहायचं, एवढं शहाणपण होतं. विमानाचा डावा पंख म्हणजे आत बसलेल्या वैमानिकाचा डावा. हे मला पाठ होतं. पण दिवसभर मी विमानाच्या नाकासमोर, त्याच्याकडे तोंड करून उभा होतो, आणि मी माझ्या डाव्या हाताच्या पंखाला डावा लिहीत गेलो. मेव्हणा बऱ्याचदा कॉकपिटमध्ये बसून आतले जोड सोडवत होता, त्यानं बरोबर लिहिलं. म्हणजे निम्म्या पिशव्यांवर डावा तो उजवा आणि निम्म्यांवर डावा तो डावाच. विमानाचे बोल्ट एकसारखे दिसतात आणि लांबीला एक अष्टमांश इंचानं वेगळे असतात. वायसर तर विचारूच नका. कुठे एक, कुठे दोन, कुठे पातळ, आणि प्रत्येक ठिकाणी बांधणाऱ्यानं ते काही हेतूनं घातलेले. मी ते सगळे एका पिशवीत लोटले. वायसर ते वायसर.

फोटो भरपूर काढले. आता पाहिले तर बहुतेक फोटोंत एक चमकणारा बोल्ट आणि माझा अंगठा दिसतो. हा बोल्ट विमानात कुठे आहे ते एकाही फोटोवरून कळत नाही.

उघड्या नळ्यांची तोंडं मी चिकटपट्टीनं बंद केली. एलेरॉन म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी. तिच्या पुशरॉड, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या दांडीपासून तिच्यापर्यंत हालचाल नेणाऱ्या नळ्या, काढताना आड येत होत्या म्हणून त्यांची टोकं दोन-चार फेरे फिरवून सोडवली. फ्लॅपच्या, म्हणजे उतरताना खाली होणाऱ्या मागच्या कडेच्या दुसऱ्या पट्टीच्या, दांड्यांचंही तेच केलं. आट्यांवर फिरणाऱ्या या टोकांनीच तर त्यांची लांबी ठरते, आणि त्या लांबीनं एलेरॉन आणि फ्लॅप कुठे उभे राहणार ते ठरतं. चेकनट कुठे होता याची खूण करायला पाच सेकंदं लागली असती. लेथवाल्याच्या पोराला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. संध्याकाळ झाली होती आणि ट्रक भाड्यानं आणलेला होता.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा ट्रकमध्ये पंख घेऊन आणि मी माझ्या पिकअपमागे उघड्या ट्रेलरवर धड घेऊन निघालो. धड मी उलटं चढवलं होतं, शेपूट पुढे, इंजिन मागे. तसं केलं की ते ट्रेलरवर छान मावत होतं. जोडणीच्या हुकवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडला पाहिजे, हे ट्रेलर ओढणाऱ्या कोणालाही माहीत असतं. इंजिन मागे गेल्यावर हुक जवळजवळ हलका झाला. आयोवाच्या सपाट इंटरस्टेट ८०वर वेग वाढवला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, तुमची शेपटी हलतेय. विमानाची नाही, तुमची." ब्रेक न मारता फक्त अॅक्सिलरेटर सोडला, एवढंच काय ते त्या दिवशी सुचलेलं शहाणपण.

वॉल्कॉटला 'आयोवा ८०' नावाचा ट्रकवाल्यांचा भलामोठा थांबा आहे. तिथपर्यंत रांगत गेलो आणि पार्किंगच्या कोपऱ्यात, बघ्यांच्या घोळक्यात, धड उतरवून सुलटं चढवलं. तेव्हा उलट्या बसणीचं दुसरं फळ दिसलं. रडर आणि एलेव्हेटर ही शेपटीची हलती पाती पुढच्या कडेला बिजागरीवर असतात, वारा समोरून आला तर वाऱ्याच्या ओघात राहतात. शेपूट पुढे करून नेलं की वारा त्यांच्या मोकळ्या कडेवर येतो आणि त्यांना आपटून पार टोकाला नेऊन धरतो. एलेव्हेटर मी दांडीला पट्टा बांधून अडकवलं होतं. रडर विसरलो होतो. त्याची हालचाल अडवणारा स्टॉप वाकलेला होता आणि पत्र्याला बारीक घडी पडली होती.

चाकांच्या पायांवरून आवळलेले पट्टेही सैल पडलेले निघाले. या विमानाचे चाकांचे पाय म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या दांड्या. खड्ड्यात ते दबतात, पट्टा क्षणभर ढिला होतो आणि हळूहळू सुटत जातो. पट्टे अॅक्सलला बांधायला हवे होते. हे एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं. त्याचा विमानाशी कधी संबंध आलेला नव्हता, पण स्प्रिंगवर उभ्या असलेल्या वस्तू त्यानं आयुष्यभर वाहिल्या होत्या.

ट्रकमध्ये पंख त्या मानानं सुखात होते असं वाटलं. पुढची कड खाली करून, गालिच्याच्या झोळीत, लाकडी चौकटीत उभे. हे बरोबर होतं. पण ते हलतायत असं वाटून मी वॉल्कॉटला एक रॅचेट पट्टा वरून टाकून दोन कड्या जास्त आवळला. मिसिसिपी ओलांडून इलिनॉय पार केलं, शिकागोच्या दक्षिणेकडचे खड्डे चुकवत मिशिगनात शिरलो. घरी पट्टा सोडला तर त्याच्याखाली, बरोबर दोन फासळ्यांच्या मधे, बशीएवढा खळगा. पट्टा फासळीवरून टाकला असता तर काहीच झालं नसतं. फासळी कुठे आहे ते रिव्हेटच्या रांगेवरून आंधळ्यालाही कळतं. आणि ज्या घोंगड्यांनी रंगाला ओरखडा पडू नये म्हणून पंख गुंडाळले होते त्या भाड्याच्या घोंगड्यांत वाळूचे कण होते. आठशे किलोमीटर थरथरत त्यांनी पॉलिश पेपरचं काम केलं. काही ठिकाणी रंग जाऊन खालचा पत्रा दिसत होता.

हिवाळा इंजिनात गेला. कॅमशाफ्टवर गंज होता, वरवरचा का होईना, पण होता. त्या खर्चाची कथा वेगळी. पंख तोवर गॅरेजमागच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात ते बाहेर काढले तेव्हा चिकटपट्टी काही नळ्यांवरून सुटून खाली पडलेली होती आणि उरलेल्यांवर तिचा गोंद काळा, घट्ट होऊन बसला होता. मी अॅसिटोन आणि फडकं घेऊन पंखांची मुळं लख्ख पुसून काढली. बायको म्हणाली, "इतकं स्वयंपाकघर कधी पुसलं नाहीत." या पुसण्याबद्दल पुढे सांगतो.

चिकटपट्टी पडलेल्या नळ्यांपैकी एक डाव्या टाकीच्या हवेची होती. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत हवा शिरली पाहिजे, नाहीतर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि इंजिन उपाशी मरतं. त्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं होतं. आपल्याकडे कड्या-कोयंड्यांत, प्लगच्या भोकांत ती घर करते तसंच. १९९६ साली डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसं गेली. वेग मोजणारी एक नळी बंद झालेली होती आणि चौकशी करणाऱ्यांना सर्वांत जास्त शक्यता अशाच एका माशीच्या घराची वाटली. हे मी वाचलेलं होतं, गप्पांत लोकांना सांगितलेलंही होतं. अॅल्युमिनियमच्या जोडांची धातूची टोपणं चिकटपट्टीऐवजी लावता आली असती, ती थोडक्या पैशांत मिळतात.

पंख परत बसवताना मागच्या स्पारचं भोक जुळेना. आरव्ही-६मध्ये हे भोक बांधणाऱ्यानं स्वतः, पंखाचा कोन मोजून ठरवल्यावर, जागच्या जागी पाडलेलं असतं. म्हणजे त्या एका भोकात पंखाचा कोन साठवलेला असतो. केसाइतकं अंतर होतं. मी जाड स्क्रूड्रायव्हर आत घालून तरफेसारखा दाबला. जुळलं. बोल्ट गेला. वर्षापूर्वी आयोवात शिकलेला धडा, की आधी पंखाचं टोक वर-खाली करून पाहा, माझ्या डोक्यात होता, हातात आला नाही.

इथल्या मेकॅनिकनं तपासणीत तो बोल्ट काढायला लावला आणि भोकाच्या कडेवरचा ओरखडा दाखवला. भोक एक माप मोठं करून जाड बोल्ट घालायचा तर भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत बोल्टाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर उरावं लागतं. नाहीतर ताणाखाली कड फाटते. त्यानं मोजलं, पुन्हा मोजलं. उरत होतं, अगदी जेमतेम. उरलं नसतं तर मागच्या स्पारचं काम पंखाचा पत्रा उघडून करावं लागलं असतं.

त्यानंच माझा टॉर्क पानाही काढून घेतला. पुशरॉड जिथे वळण घेतात त्या बेलक्रँकवरचे छोटे एएन-३ बोल्ट, तीन सोळांश इंच जाडीचे. यांना २० ते २५ इंच-पौंड पुरतात, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन न्यूटन-मीटर, मनगटाचा नुसता इशारा. माझा पाना गाड्यांचा. त्याच्यावरचं सर्वांत कमी माप १० फूट-पौंड, म्हणजे १२० इंच-पौंड. 'टक्' आवाजाची वाट पाहत मी एक बोल्ट मोडला आणि तो सदोष निघाला असं ठरवून दुसरा लावला. तो मोडला नाही. मोडण्याच्या बेतात ताणून बसला, आणि ते जास्त वाईट. मेकॅनिकनं मी आवळलेला प्रत्येक एएन-३ काढून फेकला. पिशव्यांच्या डाव्या-उजव्याचा गोंधळही तेव्हाच उघडा पडला. एका जोडात बोल्ट इतका आखूड होता की नटच्या नायलॉन कड्यातून त्याचं टोक बाहेर आलेलंच नव्हतं. मूळ नकाशे मागवून, प्रत्येक जोड नकाशाशी ताडून, नव्या बोल्टांनी आम्ही ते सगळं पुन्हा केलं. जुन्या पिशव्या कचऱ्यात गेल्या.

ग्लायडरवाले हे काम दर शनिवार-रविवारी करतात. त्यांचे पंख ट्रेलरमधून येतात आणि ट्रेलरमध्येच जातात. त्यांची एक पद्धत आमच्या विमानतळावरच्या एका ग्लायडरवालीनं शिकवली. पंख जोडून झाले की एकानं बाहेर एलेरॉन घट्ट धरायचं, दुसऱ्यानं आत दांडी जोर लावून हलवायची. नुसतं एलेरॉन हलताना पाहणं पुरत नाही, कारण अर्धवट अडकलेला जोडही बिनभाराचा हलतो. भार आला की सुटतो. मी एलेरॉन धरलं, तिनं दांडी रेटली. उजव्या बाजूला 'कट्' असा आवाज आला. पुशरॉडचा चेकनट मी बोटानं लावून पान्यानं आवळायचा राहिला होता.

पहिलं उड्डाण मी केलं नाही. आरव्हीवर शेकडो तास काढलेल्या एका वैमानिकाला विनंती केली. तो उतरला आणि म्हणाला, सगळं ठीक आहे, फक्त दांडी सोडली की डावा पंख खाली जातो. बांधणाऱ्याच्या लॉगबुकात मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं की दांडी सोडली तरी सरळ उडतं. आरव्हीवाले अशा जड पंखावर एक गावठी इलाज करतात. हलक्या बाजूच्या एलेरॉनची मागची कड लाकडाच्या दोन पट्ट्यांत धरून जराशी दाबतात. मी तो करायला निघालोच होतो. मेकॅनिक म्हणाला, एकदा दाबलेला पत्रा पूर्ववत करणं कठीण, त्याआधी बांधणाऱ्याला फोन कर.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फ्लॅपच्या दांड्या तपास. सुरुवातीला त्यांनीच त्रास दिला होता. मी किती आटे ठेवले ते तिथंच लिहिलंय, पंखाच्या मुळाशी पहिल्या फासळीवर. शाईच्या पेननं. दोन्ही बाजूंना. एलेरॉनचंही आहे, वायसर किती ते पण आहे."

अॅसिटोननं मी काय पुसलं होतं ते तेव्हा कळलं.

मी त्यांना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "फोटो काढले असशील ना आधी?" मी रात्री बसून आयोवातले सगळे फोटो पाहिले. एकात अंगठ्याच्या मागे फासळीवर काळ्या शाईची अर्धी ओळ दिसते: 'फ्लॅप' हा शब्द आणि त्यापुढे माझं नख.

काही आठवड्यांनी त्यांच्या मुलीनं त्यांची बांधकामाची वही झेरॉक्स करून पाठवली. त्यातले फ्लॅपच्या दांडीचे आकडे आणि माझी मापं यांत डाव्या बाजूला दीड फेऱ्याचा फरक निघाला. तो दुरुस्त केल्यावर विमान बरंचसं सरळ उडतं. उरलेलं थोडं डावीकडे ओढणं बहुतेक त्या बशीएवढ्या खळग्याचं असावं असं मेकॅनिकचं मत आहे, मला ते पटत नाही. एलेरॉनच्या पुशरॉडवर माझा जास्त संशय आहे. पुढच्या वार्षिक तपासणीला पत्रे उघडतील तेव्हा तिथली मापं वहीशी ताडून पाहायची आहेत.